हितग्राही बाईची इटली

मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याचे संत्रा बागायतदार भैय्याजी यांच्या घरी रोमला जावे की व्हेनिसला, हा प्रश्न फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी, दुपारी सव्वाएकच्या सुमारास, ताटे वाढलेली असताना उद्भवला. त्याआधी या घरात इटलीसंबंधी कोणताही वाद प्रलंबित नव्हता.

झाले असे की जर्मनीत नोकरीला असलेला मुलगा कुलदीप, त्याचा फोन आला. मे महिन्यात आई-बाबूजींनी त्याच्याकडे यायचे होते, तिकिटे काढून झाली होती. त्याला सुटी मिळाली होती चारच दिवसांची, आणि त्या चार दिवसांत तो दोघांना इटली दाखवणार होता. चार दिवसांत एकच शहर धड बघून होते. रोम, नाहीतर व्हेनिस.

"आई, तुले काय पाह्यचं हाय थे सांग. मंग मी हॉटेल पक्कं करतो."

प्रेमलताबाई चुलीजवळ भाकर उलटत होत्या. तुला काय पाहायचे आहे, असे एकसष्ट वर्षांत त्यांना प्रथमच कोणीतरी विचारत होते. त्या धक्क्याने भाकर एका अंगाने करपली. उत्तर मात्र त्यांच्यापाशी तयार होते. सुई-दोरा ठेवायच्या बिस्किटांच्या ज्या जुन्या डब्यात त्यांचा पासपोर्ट ठेवलेला होता, त्याच डब्याच्या झाकणावर व्हेनिसचे चित्र होते. पाण्याची गल्ली, गल्लीवर पूल, पुलावर माणसे. टाके घालता घालता तीस वर्षे त्या पुलावरून त्या जाऊन-येऊन होत्या.

"व्हेनिस," त्या म्हणाल्या.

पण फोन भैय्याजींच्या ताटाशेजारी होता आणि भैय्याजींचा घसा मोठा होता. "थांब गा कुलदीप," ते म्हणाले, "असं घाईनं नाई होत. आमी ठरवून कळवतो." आणि वरणाच्या बोटाने त्यांनी फोन बंद केला.

भैय्याजी त्या वेळी सात समित्यांवर होते. बागेतली मोटर जळाली तेव्हासुद्धा मिस्त्रीला बोलावण्याआधी त्यांनी गणपूर्ती पाहिली होती. चुलीजवळून आलेल्या एका शब्दावर परदेशाचा प्रश्न निकालात काढणे त्यांच्या स्वभावात नव्हते. हात धुऊन ते चौकातल्या पानठेल्यावर गेले आणि चार वाजेपर्यंत रोमचे होऊन परत आले.

रोमच्या बाजूने जो मुद्दा निघाला, तो बिनतोड होता. रोम ही राजधानी. आपला पांढुर्णा आता आताच जिल्हा झालेला. जिल्ह्याच्या माणसाने राजधानी सोडून दुसऱ्या गावी जायचे म्हणजे मुख्यालय सोडून तहसिलीत अर्ज द्यायचा. उद्या कलेक्टर कचेरीत कोणी विचारले, की भैय्याजी, कुठे जाऊन आले, तर काय सांगायचे?

जाम नदीच्या अलीकडे पांढुर्णा आणि पलीकडे सावरगाव. दोहोंच्या मध्ये एक पूल आहे, पण बातमीला पुलाची गरज पडत नाही. सावरगाव हे प्रेमलताबाईंचे माहेर. त्यांचे धाकटे भाऊ मनोहर तिथे राहतात. भाऊजींनी रोम धरल्याचे कानावर येताच मनोहरभाऊंनी हातातला चहा खाली ठेवला आणि व्हेनिस धरले. व्हेनिस पृथ्वीच्या कोणत्या अंगाला आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. ते पांढुर्ण्याच्या विरुद्ध बाजूला आहे, एवढे त्यांना पुरले.

आपला भाऊ आपल्या बाजूने उभा राहिला, या आनंदात प्रेमलताबाईंनी त्या संध्याकाळी शिरा केला. शिरा निवेपर्यंत त्यांच्या लक्षात आले, की भाऊ व्हेनिसच्या बाजूने आहे. बहिणीच्या बाजूने कोणी नाही.

या दोन काठांचे हे नवे नव्हे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या मधोमध पळसाचे झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात, आणि झेंड्यासाठी हा काठ त्या काठावर आणि तो काठ या काठावर गोटे फेकतो. सांगतात, की फार मागे अलीकडचा एक पोरगा पलीकडच्या पोरीला घेऊन नदी ओलांडत होता आणि दोन्हीकडून दगड आले. त्याची आठवण म्हणून दरवर्षी पुन्हा दगड मारतात. लग्न होऊन आल्यापासून त्या दिवशी प्रेमलताबाईंचा भाऊ तिकडे असे आणि नवरा इकडे. बाई आपल्या घरात हळद उगाळून ठेवत. कोणत्या काठाचे डोके फुटेल हे आधी सांगता येत नाही. हळद दोन्ही काठांना चालते. उगाळता उगाळता त्या गुणगुणत:

*जाम नदीच्या काठाला, दोन गावं, एक पानी*
*मंधात उभी पोर, तिले इचारे ना कोनी*

आठवडाभरात दोन्ही काठ कामाला लागले. रोमवाल्यांनी व्हेनिसवाल्यांकडून दूध घेणे बंद केले. सौंसरला बातमी पोचली तेव्हा ते गाव एकमताने व्हेनिसचे झाले. कालपर्यंत आपल्या बरोबरीने तहसील असलेला पांढुर्णा रातोरात जिल्हा झाला, ही गोष्ट तिथल्या लोकांच्या घशाखाली अजून उतरायची होती. बोरगावच्या एका घरी साखरपुडा ठरत आला होता, तो मोडला. मुलगा निर्व्यसनी होता, पण रोमचा होता.

प्रकरण इथवर आल्यावर भिवाजी पुढे आले. छत्तीस वर्षे एका कचेरीत आवक-जावक सांभाळून ते निवृत्त झाले होते आणि निवृत्तीनंतर त्यांच्याकडे ना आवक होती ना जावक. हा प्रश्न शास्त्रशुद्ध रीतीने हाताळला नाही तर रक्त सांडेल, असे त्यांनी भैय्याजींना सांगितले, आणि त्याच बैठकीत "सहल-स्थळ निश्चिती व सलोखा समिती" स्थापन झाली. अध्यक्ष भैय्याजी, सदस्य एकवीस. दहा या काठाचे, दहा त्या काठाचे, आणि महिला प्रतिनिधी म्हणून शेजारच्या कलाबाई, कारण एक महिला असावी असा नियम आहे. कलाबाई सूप घेऊन येत आणि सभेत तूर निवडत. तूर निवडून झाली की सभा संपे.

त्या एकवीस जणांत प्रेमलताबाई नव्हत्या. हे चुकून झाले असेल असे समजून त्यांनी वाट पाहिली. मग समितीने भैय्याजींच्याच अंगणात दर मंगळवारी, सरकार लोकांच्या तक्रारी ऐकते तशी, जनसुनवाई ठेवली, तेव्हा त्या चारच्या सुमारास पदर खोचून रांगेत उभ्या राहिल्या. त्यांचा नंबर सतरावा आला. पुढचे सोळा जण नळ आणि पथदिव्यांच्या तक्रारी घेऊन आले होते. टेबल, सतरंजी आणि चष्मा लावलेला माणूस बघून ते खरी जनसुनवाई समजले होते. भिवाजींनी त्यांनाही पावत्या दिल्या. समाधानाने गेले बिचारे.

"नाव?" भिवाजींनी मान वर न करता विचारले.

"भिवाजीभाऊ, आत्ताच माह्या हातचा चहा पेले नं तुमी?"

"चहा वेगळा, रेकॉर्ड वेगळा. नाव?"

"प्रेमलता."

"विषय?"

"मले व्हेनिसले जाचं हाय."

भिवाजींचा पेन थांबला. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि फार आपुलकीने समजावले. "वहिनी, इथंच तं अडचन हाय. तुमी हितग्राही. सहलीचा लाभ तुमाले भेटून राह्यला. आता जेचं हित, तेचंच मत घेतलं, तं निर्णय निष्पक्ष राहते काय? उद्या लोक म्हनतीन, बाईनं आपल्याच मनासारखं करून घेतलं."

"माह्याच सहलीत?"

"म्हनून तं. दुसऱ्याच्या सहलीत तुमी खुशाल मत द्या. कोनी अडवनार नाई."

बाईंना पावती मिळाली. पावतीवर शेरा होता: *अर्ज प्राप्त. अर्जदाराचा विषयाशी थेट संबंध असल्याने विचारात घेता येत नाही.* पावती त्यांनी डब्यात ठेवली आणि एकवीस माणसांसाठी आधण चढवले.

मार्च लागला. समितीने दोन्ही शहरांचा तुलनात्मक तक्ता तयार केला. त्याचे वाचन तीन सभा चालले. व्हेनिसमध्ये गल्लोगल्ली पाणी असल्याचे ऐकून सभेने ती ओळ पुन्हा वाचून घेतली. इथे नळ तिसऱ्या दिवशी येतो. नंतर, एवढे पाणी रस्त्यात येईपर्यंत तिथले अधिकारी काय करत होते, अशी विचारणा एका रोमवाल्याने केली, आणि जिथे पाइपलाइन कायमची फुटलेली आहे अशा गावी वयस्क माणसांना पाठवणे धोक्याचे आहे, असे नोंदवण्यात आले. त्यावर सावरगावने रोमचे पडके वाडे-खांब पुढे केले. दोन हजार वर्षांत दुरुस्तीचा एक प्रस्ताव ज्यांच्याने गेला नाही, त्यांची राजधानी काय बघायची? शिवाय मनोहरभाऊंनी कुठून तरी शोधून आणले होते, की रोमच्या रस्त्यांवर संत्र्याची झाडे आहेत आणि फळ कडू आहे. हा घाव वर्मी बसला. जिथे संत्रे कडू, तिथे संत्र्याच्या बागायतदाराने पाय ठेवावा काय? भैय्याजी त्या दिवशी जेवले नाहीत. इतकी वर्षे संसार केला, पण नवऱ्याला एखाद्या गोष्टीसाठी अन्न सोडताना प्रेमलताबाईंनी पहिल्यांदाच पाहिले. आपल्याला व्हेनिस का हवे, ते सांगायला त्या ताट घेऊन गेल्या होत्या. त्यांनी ताट झाकून ठेवले.

तक्त्याची बेरीज केली तेव्हा दोन्ही शहरांना सारखेच गुण पडले, कारण दोन्हीकडचे दहा-दहा जण बेरीज तपासत होते. कलाबाईंचे मत निर्णायक ठरले असते. पण त्या दिवशी तूर आधीच निवडून झाली होती आणि त्या घरी गेल्या होत्या.

तोवर व्हिसाची तारीख आली. चोवीस मार्चला मुंबईला हजर राहायचे. अर्ज भरायचे काम सौंसरच्या योगेशच्या ऑनलाइन सेंटरवर होते. मुक्कामाचे शहर कोणते, ही एक जागा योगेशने कोरी सोडली होती. पांढुर्ण्याहून फोन आला की तो म्हणे, रोम टाकून ठेवले. सावरगावहून आला की म्हणे, व्हेनिस टाकले. दोन्ही काठांनी त्याला भला माणूस म्हटले. मग एके दिवशी दोन्ही काठ एकाच वेळी त्याच्या दुकानात हजर झाले, आणि त्याने पासपोर्ट भैय्याजींच्या हाती देऊन शटर ओढले.

पासपोर्ट आता वादवस्तू झाला. निकाल लागेपर्यंत तो तटस्थ ताब्यात असावा, असा भिवाजींनी ठराव मांडला. अध्यक्षांचा पासपोर्ट अध्यक्षांच्या खिशात सुरक्षित असल्याने ठराव फक्त प्रेमलताबाईंच्या पासपोर्टापुरता होता. तटस्थ माणसाचा शोध दोन दिवस चालला. दोन्ही गावांत तसा माणूस सापडला नाही. तटस्थ अशी एकच जागा निघाली: नदीचा मध्य.

रविवारी, बावीस मार्चला, जाम नदीच्या उथळ पात्रात पळसाची फांदी रोवली गेली. फुले गळून गेलेली, पाने नुकती फुटत होती. तिच्या शेंड्याला प्लास्टिकच्या पिशवीत घालून प्रेमलताबाईंचा पासपोर्ट बांधला. जो काठ पासपोर्ट काढून नेईल, त्याचे शहर. समितीचा खुलासा लाऊडस्पीकरवर तीन वेळा झाला: दगड पूर्णपणे वर्ज्य आहे. शांततेचा हा विजय आहे, असे भैय्याजी म्हणाले, आणि पलीकडून मनोहरभाऊंनीही टाळ्या वाजवल्या.

दगडाखेरीज काय वर्ज्य आहे, याबद्दल ठरावात काही नव्हते. मृगबहाराची संत्री उतरून झाली होती. निवडीत बाजूला काढलेल्या, मऊ पडलेल्या संत्र्यांचे ढीग दोन्ही काठांवर लागले होते. इकडचे भैय्याजींच्या बागेतले, तिकडचे मनोहरभाऊंच्या. साडेदहाला पहिले संत्रे उडाले.

प्रेमलताबाई घरी हळद उगाळायला बसल्या होत्या. सवयीने. उगाळता उगाळता त्यांच्या मनात आले, की आज कोणाचे डोके फुटणार नाही. आज फुटेल ते आपलेच काहीतरी. परवा मुंबईला जायचे आहे, आणि आपले नाव, आपला फोटो, आपली सही एका फांदीला टांगली आहे. त्यांनी सहाण बाजूला सारली, पायात चप्पल सरकवली आणि नदीची वाट धरली. पुलावर बंदोबस्त होता. त्या खालून, धुण्याच्या दगडाजवळून पाण्यात उतरल्या.

अलीकडून आवाज आला, "अरे, थे पाय सावरगावची बाई उतरली." पलीकडून आवाज आला, "पांढुर्ण्यावाल्यांनी बाई धाडली रे." दोन्ही बरोबर होते. संत्री दोन्हीकडून आली. एक खांद्यावर फुटले. त्याचा वास आला आणि ते आपल्याच बागेतल्या विहिरीकडच्या ओळीतले, पातळ सालीचे आहे, हे बाईंनी ओळखले. दुसरे पाठीत बसले. ते माहेरचे असावे, आंबट होते. गुडघाभर पाण्यात, केसांतून रस निथळत, त्या फांदीपर्यंत गेल्या आणि गाठ सोडू लागल्या.

गाठ भिवाजींनी मारलेली होती. ती सुटली नाही, फांदीच मोडली. पिशवीला फांदीच्या टोकाने आधीच भोक पडलेले होते. पासपोर्ट पाण्यात गेला, रसात न्हाला, आणि बाईंच्या ओच्यात आला तेव्हा फोटोच्या पानावर फोटो नव्हता. चेहरा विरघळून एक केशरी डाग राहिला होता. बाकी सगळे शाबूत होते. देशाचे नाव तर स्वच्छ वाचता येत होते.

लाऊडस्पीकर खरखरला. हितग्राही व्यक्तीने कार्यक्षेत्रात विनापरवानगी प्रवेश केल्यामुळे निकाल रद्द करण्यात येत आहे, असे भिवाजींनी जाहीर केले. दोन्ही काठांनी समाधानाचा सुस्कारा टाकला. कोणी जिंकले नव्हते, म्हणजे कोणी हरले नव्हते.

चोवीस मार्च येऊन गेला. नवा पासपोर्ट, नवी तारीख, आणि कुलदीपची सुटी, यांची सांगड बसेना. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात भैय्याजींच्या अंगणात सत्कार समारंभ झाला. एकही दगड न चालता एवढा मोठा प्रश्न मिटवल्याबद्दल भैय्याजी आणि मनोहरभाऊ यांना एकमेकांच्या हस्ते शाल-श्रीफळ देण्यात आले. साळा-भाटव्यांनी, दोघा मेव्हण्यांनी, गळाभेट घेतली. लोकांचे डोळे पाणावले. भाषणात भैय्याजी म्हणाले, की दोन काठ जोडणारे खरे व्हेनिस आपल्याच जाम नदीवर आहे, आणि मनोहरभाऊ म्हणाले, की रोम एका दिवसात उभे राहिले नाही, तर आपली एकी तरी कशी होईल. समितीला कायमस्वरूपी दर्जा देण्याचा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. चहा-पोह्यांची व्यवस्था हितग्राहीकडे होती.

त्याच गडबडीत कुलदीपचा फोन आला. "बाबूजी, मंग काय ठरलं?"

"समेट झाला," भैय्याजी अभिमानाने म्हणाले.

"अन् कुठी जाऊन राह्यले तुमी?"

"जायचा प्रश्नच कुठी राह्यला आता."

मंडप उतरल्यावर कलाबाई सूप न्यायला आल्या. मागच्या अंगणात बाजेवर मिरच्या वाळत होत्या आणि मिरच्यांशेजारी तो पासपोर्ट पान पान उघडून ठेवलेला होता, जणू उन्हाने चेहरा परत येणार होता. प्रेमलताबाई जवळ बसून हलक्या आवाजात म्हणत होत्या:

*माहेराच्या वाटंवरी, एक पूल, दोन टोकं*
*रिकाम्या हातानं बाई, कधी उभे राहतीन लोकं*

कलाबाई टेकल्या. मग, इतक्या सभांत कोणी केली नव्हती ती गोष्ट त्यांनी केली. "मी काय म्हन्तो, प्रेमलते," त्या म्हणाल्या, "तुले कुठी जाचं होतं वं?"

प्रेमलताबाईंनी डब्याचे झाकण त्यांच्यासमोर धरले. "इथी. हे पाय. पूल हाय, दोन्ही काठचे लोक पुलावर उभे हायेत, अन् कोनाच्याच हातात काई नाई. मले फकत तितं उभं राहून पाह्यचं होतं."

कलाबाईंनी चित्र बराच वेळ निरखले. डोळ्यांना पदर लावला. मग उठत म्हणाल्या, "हे पह्यले सांगतलं असतं तं."

आता इतके वाचून तुमचेही तेच म्हणणे असेल. बाईने पहिल्याच दिवशी फोन ओढून घ्यायला हवा होता, पाण्यात उतरायच्या आधी तोंड उघडायला हवे होते. सूचना योग्य आहे. इतिवृत्तात घेतली आहे. पण तक्त्याचे वाचन चालले होते तेव्हा, कडू संत्री आणि फुटकी पाइपलाइन ऐकताना, आपण असतो तर कुठे गेलो असतो, याचाही हिशेब तुम्ही मनात लावलाच असेल. भिवाजींच्या यादीत बाविसावी ओळ कोरी आहे. तिथे सही करा. समोर रोम की व्हेनिस तेवढे स्पष्ट लिहा. बाईंना विचारायची आवश्यकता नाही.